दर दहावा बिंदू

दीपमाला चुकीच्या मजल्यावर आली होती.

सातारा रस्त्यावरच्या त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर टायपिंगचा क्लास होता आणि दुसऱ्यावर आमचं ऑफिस. १९९८चा जुलै. तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. जिना ओला होता, आणि दारात एक मुलगी छत्री झटकत उभी होती.

"इथेच नाव द्यायचं ना?"

त्या दिवशी दहा वाजता एका मुलीला चाचणीसाठी बोलावलं होतं. साडेदहा झाले होते. मला वाटलं, तीच ही.

"उशीर केलात," मी म्हणालो.

"बस मिळाली नाही."

"पुण्यात ते कारण धरत नाहीत. बस कुणालाच मिळत नाही."

तिने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. "मग तुम्ही कसे पोचलात?"

"चालत. मी बिबवेवाडीचाच."

"मग तुम्ही बोलूच नका."

मी बोललो नाही. तिला टेबलापाशी नेलं. आमचं काम असं होतं : परदेशातल्या एका शहराचे कागदी नकाशे यायचे, जमिनीखालून गेलेल्या गॅसच्या पाइपांचे. ते मोठ्या टेबलावर चिकटवायचे आणि पाइपचं प्रत्येक वळण, प्रत्येक जोड हाताने टिपून कॉम्प्युटरात भरायचा. हातात माउससारखा एक ठोकळा असायचा. त्याच्या पुढे काच आणि काचेत बारीक फुली. ती फुली नकाशावरच्या जागेवर बसवायची आणि बटण दाबायचं. झाला एक बिंदू.

"ही काचेतली फुली त्या कागदावरच्या फुलीवर आणा," मी तिला सांगितलं. "बटण दाबा. मग हात टेबलाच्या कडेला न्या. परत आणा, परत दाबा. वीस वेळा."

"एकदा बरोबर दाबलं तर पुन्हा कशाला? विश्वास नाही का?"

"नाही."

"कुणावरच?"

"हातावर."

ती हसली नाही, पण ओठ दाबून धरले होते. ओल्या ओढणीचं टोक तिने कमरेला खोचलं आणि कामाला लागली. घाई नाही, जोर नाही. वीसदा हात गेला, वीसदा आला. मी प्रिंट काढली. एकाच फुलीवर दाबलेले वीस ठिपके कधीच एकावर एक येत नाहीत. शिंतोडे उडाल्यासारखे आजूबाजूला पडतात. माझे तांदळाच्या दाण्यासारखे तिरपे पडायचे, सरासरी चूक पॉइंट चौदा मिलिमीटर. ऑफिसात सगळ्यात चांगला हात माझा होता. तिचे वीस ठिपके मोहरीच्या एका दाण्याखाली झाकले असते. पॉइंट अकरा.

"पास का?" तिने विचारलं.

"पास."

"मग मराठी टायपिंग कधीपासून?"

"कसलं टायपिंग?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मग तिला कळलं, मग मला. तिने तोंडावर हात घेतला... आणि छत्री उचलून वर निघून गेली. मी ती प्रिंट टाकून द्यायला हवी होती. दिली नाही. दहा मिनिटांनी ती परत आली.

"वर पंखा नाही," ती म्हणाली. "तुमच्याकडे आहे."

एवढ्यावर तिने नोकरी धरली.

ती हिंगोलीकडची. वडील नागोराव प्राथमिक शाळेत शिक्षक, आई गोदाबाई. धनकवडीत चार मुलींबरोबर खोली घेऊन राहायची. बोलणं पुण्यासारखं करायचा प्रयत्न करायची, पण घाईत असली की "काय करायलात?" असं निघून जायचं, आणि मग स्वतःच जीभ चावायची. मला ते ऐकायला आवडायचं. म्हणून मी तिला घाई करायला लावायचो.

आमचे मालक रंगनाथ सर आधी इंजिनिअरिंगच्या कॉलेजात शिकवायचे. पहिल्याच आठवड्यात तिने त्यांना गाठलं.

"सर, मी तीच, हात तोच, फुली तीच. मग ठिपका दर वेळी दुसरीकडे का पडतो?"

सरांना असं कुणी विचारलं की ते चहा विसरायचे. "रेडिओवर लांबचं स्टेशन लावलं की मागे खरखर येते ना? मेंदू हाताला जो निरोप धाडतो त्यातही तशी खरखर असते. प्रत्येकाच्या. तिला काही अर्थ नसतो, दिशा नसते. सरावाने कमी होते, जात नाही. आणि जोर लावला, घाई केली की वाढते."

"म्हणजे हळू जायचं."

"हळू जायचं."

ते वाक्य तिने माझ्यावर वर्षभर वापरलं. रविवारी ती मंडईत खोलीतल्या सगळ्यांची भाजी घ्यायला यायची. मीही यायचो... आम्हाला घरच्या शेतातली भाजी पुरून उरायची, तरी यायचो.

"पिशवी द्या इकडे," मी म्हणायचो.

"जड आहे."

"म्हणूनच मागतोय."

"जोर लावला की खरखर वाढते. वाटाणे सांडतील."

एकदा सर मला म्हणाले, "महिपती, तुझा आकडा या महिन्यात पॉइंट बावीस कसा?" जेवणाच्या सुट्टीत तिने विचारलं, "काय झालं हाताला?"

"खरखर."

"कशाने?"

"टेबलापाशी कुणी येऊन उभं राहिलं की होते."

"मग मी उभी राहत नाही—"

"मी तसं म्हणालो का?"

ती गेली नाही. डब्यातली शेंगदाण्याची चटणी माझ्या झाकणात वाढली आणि तिथेच उभी राहून जेवली.

नकाशे तुकड्यांत यायचे. एका कागदाच्या कडेला पाइप जिथे संपतो, तिथूनच तो शेजारच्या कागदावर सुरू झाला पाहिजे. तसं जुळवून घ्यावं लागायचं. त्या शहरात आमच्यापैकी कुणीच गेलं नव्हतं, पण तिथले सगळे रस्ते आम्हाला पाठ होते. "मी आज नदीच्या पलीकडे आहे," ती सांगायची. "मी चर्चच्या मागे." "मग पुलावर भेटू चार वाजता." चार वाजता आम्ही खरंच पुलाच्या जोडावर पोचायचो, ती तिच्या कागदावर, मी माझ्या.

१९९९च्या डिसेंबरात एक दिवस तिने कागद गुंडाळत, माझ्याकडे न बघता म्हटलं, "माझ्याकडून तुमच्या कडेपर्यंत आणून ठेवलंय. पुढचं तुम्ही बघा."

मी दोन दिवस विचार करत होतो, ही पाइपबद्दल बोलली का. तिसऱ्या दिवशी आईला सांगितलं. आमची आई, सोजरबाई, जन्मभर शेतात राबलेली. तिने दीपमालाला घरी बोलावलं, भाकरी थापायला लावली आणि मला आत बोलावून म्हणाली, "पोरगी लांबची हाय. पण हात लई हलका हाय. न्हाय म्हनू नगं."

"मी कुठे नाही म्हणतोय?"

"तुझं तोंड बघून तिलाबी वाटत नसंल तू हो म्हंतोयस म्हनून."

मे २०००मध्ये आमचं लग्न झालं. त्यानंतरची अडीच वर्षं मी इथे लिहीत नाही. लिहिण्यासारखं काही घडलं नाही. सकाळी दोघं एका स्कूटरवर जायचो, संध्याकाळी यायचो. मला तेवढं पुरत होतं.

आता जे लिहायचं आहे ते लिहितो.

लग्नानंतर सरांनी मला तपासणीवर घेतलं. प्रत्येकाच्या नकाशातला दर दहावा बिंदू मी भिंगाखाली पुन्हा टिपायचा. कॉम्प्युटर दोन्हींतलं अंतर सांगायचा. महिन्याच्या शेवटी प्रत्येकाचा आकडा एका चिठ्ठीवर छापून मिळायचा. पॉइंट तीनच्या वर गेलं तर ताकीद, दोन महिने गेलं तर टेबल सुटायचं आणि माणूस स्कॅनिंगला कागद लावायला जायचा. दीपमाला तिच्या चिठ्ठ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवायची. पॉइंट अकरा, पॉइंट बारा, पॉइंट अकरा.

ऑक्टोबर २००२ला तिचा आकडा पॉइंट एकतीस आला.

त्याच आठवड्यात सरांनी सगळ्यांना बसवून सांगितलं होतं की आपली कंपनी एका मोठ्या कंपनीने घेतली आहे, दीड वर्षात हिंजवडीला जायचं आहे, आणि अठरापैकी सहाच जण टेबलावर राहतील. ज्यांचे आकडे सर्वांत चांगले ते सहा. त्या दिवशी घरी येताना ती स्कूटरवर मागून म्हणाली, "मी जाणारच. बाकी कुणाचं माहीत नाही. पण आपल्या दोघांचं नक्की."

चिठ्ठी छापायच्या आधी मी तिच्या एका नकाशातले दहावे बिंदू पुसले आणि माझ्या हाताने टिपले. मग माझ्याच बिंदूंशी माझे बिंदू ताडून बघितले. आकडा आला पॉइंट तेरा. मला वाटलं, ती दमली आहे. दिवाळीचं काम, पाहुणे. पुढच्या महिन्यात होईल ठीक.

पुढच्या महिन्यात पॉइंट चौतीस होता. मी तो पॉइंट बारा केला.

हे मी अठरा महिने केलं. तिच्या नावाखाली माझा हात. संध्याकाळी ती विचारायची, "आज किती?" मी सांगायचो. ती खूश व्हायची आणि गाणं गुणगुणत कुकर लावायची. मला कसलीच लाज वाटत नव्हती, हे मला लिहिलं पाहिजे. मला वाटत होतं, मी तिच्यावर प्रेम करतोय.

घरात चहाचा कप बशीत वाजायला लागला होता. भाकरी एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला फाटलेली यायला लागली. एकदा पोळीवर तूप वाढताना चमचा ताटाबाहेर गेला. आई म्हणाली, "हिचा हात कापतोय. डाक्टरला दाव."

"काही नाही हो आई," दीपमाला म्हणाली. "तुम्हाला वाटतं तसं. या महिन्यात पॉइंट तेरा आहे माझा. कॉम्प्युटर खोटं बोलतो का? यांना विचारा."

आईने माझ्याकडे पाहिलं.

"पॉइंट तेरा," मी म्हणालो.

आईने विषय सोडला. तिला आकड्यातलं कळत नव्हतं, पण मुलावर विश्वास होता.

एप्रिल २००४ला आम्ही हिंजवडीला गेलो. स्वारगेटहून कंपनीची बस, दीड तास जायला, दोन तास यायला. अठरातले सहा जण, त्यात आम्ही दोघं. काचेची इमारत होती, थंड हवा होती, आणि तपासणीला माझ्याऐवजी ऋतिका नावाची नवीन मुलगी होती; मला पुन्हा टेबल मिळालं होतं. महिनाभराने ती दीपमालाच्या टेबलापाशी आली.

"मॅम, तुमचं टेबल फॉल्टी आहे का? एक पॉइंट शून्य नऊ येतंय."

त्यांनी टेबल बदललं. मग काचेचा ठोकळा बदलला. मग दुसरं टेबल दिलं. तिन्ही वेळा आकडा एकच्या वर आला. दीपमाला बसमध्ये माझ्या शेजारी बसून आपला उजवा हात बघत होती. "एका महिन्यात असं कसं होईल हो?" ती म्हणाली. "मार्चमध्ये पॉइंट बारा होता..."

मी खिडकीबाहेर बघत होतो.

जूनमध्ये आम्ही मेंदूच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी तिला नाकाला आणि मग त्यांच्या बोटाला आलटून पालटून हात लावायला सांगितलं. रक्त तपासलं. मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे एका दिव्याच्या यंत्रातून त्यांना तिच्या बुबुळाच्या कडेला तपकिरी कडं दिसलं. मी त्या डोळ्यांत सहा वर्षं बघत होतो. मला कधी दिसलं नाही.

डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. अन्नातून येणारं तांबं शरीराबाहेर जात नाही, यकृतात आणि मेंदूत साठत जातं. जन्मजात असतं, विशीत-तिशीत दिसतं. गोळ्या आहेत, आयुष्यभर घ्यायच्या. लवकर सापडलं तर माणूस चांगला राहतो.

"हाताचं काय?" दीपमालाने विचारलं.

"हात सगळ्यांचेच थोडे चुकतात," त्या म्हणाल्या. "मेंदूतून निघालेला हुकूम वाटेत खरखरतो."

"माहीत आहे मला. आमच्या सरांनी सांगितलंय."

"हो? मग पुढचं ऐका. निरोगी मेंदू प्रत्येक वेळी किती चुकलं ते मोजतो आणि पुढचा हुकूम सुधारून पाठवतो. म्हणून आपलं चालतं. तुमच्यात तो मोजणारा भागच बिघडलाय. मोजणाराच बरोबर सांगत नसेल तर हात सुधारणार कसा?"

त्या मेंदूबद्दल बोलत होत्या. मी टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत होतो.

"हे सुरू कधी झालं, काही अंदाज?" त्यांनी विचारलं. "त्यावर बरंच अवलंबून आहे. वर्षं झाली असतील तर मेंदूतलं नुकसान फारसं भरून येत नाही. अलीकडचं असेल तर बराचसा हात परत येतो."

"अंदाज कशाला? माझ्याकडे नोंद आहे," दीपमाला म्हणाली. तिने पर्स उघडली. कपाटाच्या दारावरच्या चिठ्ठ्या ती काढून घेऊन आली होती. "दर महिन्याची. यांनीच काढलीय. बघा, मार्चपर्यंत पॉइंट बारा."

डॉक्टरबाईंनी एकेक चिठ्ठी पाहिली. त्यांचा चेहरा मोकळा झाला. "असा पेशंट मला पहिल्यांदा मिळाला. मग तर चांगलीच गोष्ट आहे. तीन महिन्यांचा आजार आहे तुमचा. हात परत येईल."

तिने टेबलाखाली माझा हात दाबला. बोलायची वेळ तीच होती. मी बोललो नाही.

आईने घरातली सगळी तांब्याची भांडी भंगारवाल्याला देऊन टाकली. हंडा, कळशी, अंघोळीचा बंब. "माझ्या हंड्यानं पोर खाल्ली," म्हणायची. मी तिला सांगितलं की डॉक्टर भांड्यांचं काही म्हणाले नाहीत. तिला ते पटलं नाही. मी जे सांगितलं असतं तर पटलं असतं, ते मी सांगितलं नाही.

दीपमालाने नोकरी सोडली. रोज दुपारी आलेख-कागदावर फुली काढायची आणि पेन्सिलने वीस ठिपके द्यायची. हात परत येण्याची वाट बघत होती. मी हिंजवडी सोडून कात्रजला एका बांधकाम कचेरीत नकाशे काढायला लागलो होतो. जेवायला घरी यायचो. पट्टीने मोजून तिला आकडा सांगायचं काम माझं. "किती?" "एक पॉइंट एक." "परवा एक पॉइंट दोन होता ना? उतरतोय." मी मान हलवायचो. खरा आकडा दोनच्या जवळ गेला होता. तिचं बोलणंही जड झालं होतं, शब्द ओले झाल्यासारखे यायचे. तरी ती हसून म्हणायची, "हळू जायचं... हळू."

दीड वर्ष असं गेलं. डिसेंबर २००५मधली एक दुपार होती. आई शेजारी गेली होती. दीपमालाने ठिपके दिले. तिसरा ठिपका देताना पेन्सिल घसरून कागदावर लांब रेघ गेली. तिने ती रेघ खोडरबराने पुसायचा प्रयत्न केला, कागद फाटला. मग तिने नवा कागद घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. वीस ठिपक्यांना तिला पाऊण तास लागला. घामाने केस कपाळाला चिकटले होते.

"किती?"

मी मोजलं. "दोन पॉइंट चार."

ती थांबली. "काल एक पॉइंट शून्य होतं."

"कालचं खोटं होतं."

"परवाचं?"

"तेही."

"मागच्या महिन्यातलं?"

"तेही, माला."

तिचा चेहरा अजून रागाचा नव्हता. हिशेब लागत नसला की दिसतो तसा होता. "सगळे? औषध सुरू झाल्यापासून?"

मी हो म्हणून थांबू शकलो असतो. "त्याच्या आधीपासून," मी म्हणालो. "कंपनीतले पण. तुझे दहावे बिंदू मी पुसायचो. माझे टाकायचो."

"कधीपासून?"

"ऑक्टोबर दोन हजार दोन."

तिने पेन्सिल खाली ठेवली. खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. मग ती बोलली. एकेक शब्द जुळवून बोलत होती.

"मला दिसायचा हात हलताना. टेबलावर, काचेतून... फुली हलायची. मला वाटायचं, माझे डोळे चुकतायत. तुमचा आकडा बरोबर आहे... म्हणजे माझेच डोळे. आई सांगायच्या, मी त्यांनाच उलटून बोलायची. मी माझ्या हातावर विश्वास नाही ठेवला. तुमच्यावर ठेवला."

"तुझं टेबल जाऊ नये म्हणून केलं."

"टेबल मागितलं होतं का मी तुम्हाला?"

तिने कागद माझ्या हातून घ्यायचा प्रयत्न केला. तो तिच्या हातात आला नाही. मी तो तिच्या पुढे ठेवला आणि बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. म्हणाल्या, "औषध तेच राहिलं असतं. पण दोन हजार दोनमध्ये आला असतात तर..." पुढचं सांगायची गरज नव्हती.

नऊ दिवस दीपमाला माझ्याशी बोलली नाही. आईच्या हातून जेवली, आईच्या हातून वेणी घालून घेतली. दहाव्या दिवशी दुपारी मी जेवायला आलो तर माझ्या ताटाशेजारी कागद होता. फुली आणि वीस ठिपके.

"मोजा," ती म्हणाली.

मी हात धुऊन मोजलं. "दोन पॉइंट सहा."

"खरं?"

"खरं."

"वाढलं."

"हो."

"मग आजपासून पेल्याने पाणी नको. नळी आणा." तिने माझं ताट माझ्याकडे ढकलायचा प्रयत्न केला. "आणि गिळा आधी. थंड झालंय."

त्यानंतर रोज तसंच. मी खरा आकडा सांगायचो आणि ती त्यावरून दिवस ठरवायची. तीनच्या खाली असेल तर चमचा स्वतः धरायचा. तीनच्या वर असेल तर मी भरवायचं. केस, बटणं, गोळ्यांचं पाकीट, सगळं आकड्यावर. ते वर्ष वाईट होतं. पण त्या वर्षात आमच्यात खोटं काही उरलं नव्हतं आणि तिचे टोमणे परत आले होते. मी वरण जास्त गरम भरवलं तर म्हणायची, "जीभ तरी राहू द्या. तिचा आकडा अजून बरा आहे."

एकदा मी विचारलं, "माफ केलंस का?"

"नाही," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "उद्या विचारू नका. परवापण नको. रोज तेच ऐकावं लागेल."

मी पुन्हा विचारलं नाही.

जानेवारी २००७ला तिचं यकृत गेलं. पोट फुगलं, अंग हळदीसारखं पिवळं झालं. हिंगोलीहून नागोराव आणि गोदाबाई आले. दवाखान्यात ठिपके देणं संपलं होतं. त्याऐवजी ती रक्ताच्या तपासणीतला आकडा विचारायची. मी रिपोर्ट आणून तिला सांगायचो.

तिसऱ्या आठवड्यातली दुपार. खिडकीतून ऊन तिच्या पायांवर आलं होतं. मी रिपोर्ट घेऊन आलो. गोदाबाईंनी मला दारातच अडवलं.

"काय म्हणायलेत डॉक्टर?"

मी सांगितलं.

त्यांनी पदर तोंडावर धरला. मग माझं मनगट घट्ट धरून कुजबुजल्या, "जावईबापू, तिला म्हणा बरं व्हायलंय म्हणून. पाया पडते तुमच्या. तुमचंच ऐकती ती. दोन दिस तरी सुखानं राहील."

दीपमाला जागी होती. तिने आमच्याकडे मान वळवली. ओठ हलले. आवाज नव्हता, पण शब्द मला माहीत होता.

मी पलंगाजवळ गेलो. नागोराव पायांशी बसले होते, हातात मोसंबं धरून, न सोललेलं. गोदाबाई माझ्या मागे उभ्या होत्या. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मला तिला बरं वाटावं असं फार वाटत होतं. आयुष्यात कधी नव्हतं एवढं वाटत होतं.

"वाढलाय, माला," मी म्हणालो. "कालच्या दुप्पट. डॉक्टर म्हणतात, आता उतरणार नाही."

मागे गोदाबाईंनी हंबरडा फोडला. "माणूस हाय का कोण हाय हा..." असं म्हणत त्या बाहेर गेल्या. नागोराव उठले, माझ्याकडे न बघता त्यांच्या मागे गेले. त्यांनी नंतर मला कधी पत्र लिहिलं नाही. मी त्यांना दोष देत नाही.

दीपमाला माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर भीती होती, ती मी आणली होती. पण तिने नजर काढली नाही. मग तिने उजवा हात उचलला.

माझा हात पलंगाच्या कडेवर होता, तिच्यापासून वीतभर. तिचा हात निघाला आणि गादीवर पडला. तिने पुन्हा उचलला. तो सळईला लागला. तिसऱ्यांदा माझ्या कोपराजवळून हवेतच गेला. मला फक्त दोन बोटं पुढे करायची होती, कुणालाही कळलं नसतं. मी माझा हात जागेवरून हलवला नाही. ती दात आवळून बघत होती, कुठे चुकतंय ते. चौथ्यांदा ती थांबली, हात छातीवर ठेवला, दम घेतला. मी वाट बघत होतो.

पाचव्यांदा तिने फार हळू हात आणला, आणि तो माझ्या हातावर पडला. तिने पकडून ठेवला.